तेलातून काय काय काढतात, आणि त्यासोबत काय जातं

रिफाइंड म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं तेलात काहीतरी केमिकल मिसळून ते पारदर्शक करतात, तर आधी तेवढा गैरसमज दूर करूया. आत जे जातं ते काहीतरी बाहेर ओढून आणण्यासाठीच जातं. सगळा खेळ काढण्याचा आहे.

हे मी पहिल्यांदा लॅबमध्ये बीकरमध्ये बघितलं. सोयाबीनचं कच्चं तेल, सत्तर डिग्रीला गरम केलेलं, त्यात जेमतेम दोन टक्के गरम पाणी टाकलं आणि ढवळत बसलो. थोड्या वेळाने ते तेल गढूळ झालं, मग तळाशी तपकिरी चिकट साका बसायला लागला, बोटाला लावला तर डिंकासारखा. ते फॉस्फोलिपिड्स, म्हणजे कच्च्या तेलात मुळातच असणारे फॉस्फरसवाले चिकट पदार्थ, आणि ते असे काढण्याला डिगमिंग म्हणतात. साका वाळवला की लेसिथिन, चॉकलेटमध्ये पडतं तेच. पाण्याने जे सुटत नाहीत त्यांच्यासाठी फॉस्फोरिक किंवा सायट्रिक ॲसिड लागतं.

मग कॉस्टिक सोडा. तेलात सुटी फॅटी ॲसिड्स असतात, म्हणजे तेलाच्या रेणूपासून तुटून वेगळे पडलेले तुकडे, त्यांचा कॉस्टिकशी संयोग झाला की चक्क साबण तयार होतो आणि तो सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे जोरात फिरवणाऱ्या यंत्रात, वेगळा करतात. त्या साबणासोबत थोडं चांगलं तेलही वाहून जातं, म्हणून ॲसिड जेवढं जास्त तेवढा तोटा जास्त. ब्लीचिंगमध्ये कपड्यांचं ब्लीच नसतं हो, मुलतानी मातीच्या जातीची ॲक्टिव्हेटेड माती असते, ती रंग आणि साबणाचे राहिलेले अंश धरून ठेवते, मग गाळून काढायची.

खरा अवघड टप्पा वास काढण्याचा, डिओडरायझेशन. इथे तेल साधारण 180 ते 260 डिग्रीपर्यंत तापवतात, पण वरची हवा जवळजवळ पूर्ण ओढून घेतलेली असते, दाब फक्त काही मिलिबार, आणि खालून वाफ सोडतात. दाब एवढा कमी असल्यामुळे वासाचे पदार्थ आणि उरलेली फॅटी ॲसिड्स वाफेसोबत निघून जातात आणि हवा नसल्यामुळे तेल करपत नाही, मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते. पण त्याच वाफेबरोबर व्हिटॅमिन ई चा काही भागही जातो, काही ट्रान्स फॅट तयार होतं, आणि तापमान 230 च्या वर गेलं की ग्लिसिडिल एस्टर्स, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवू शकणारे पदार्थ, झपाट्याने वाढतात. युरोपियन युनियनने 2018 मध्ये या एस्टर्सवर तेलासाठी किलोला 1000 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली.

आता मला जे सांगायचंय ते इथे आहे. एवढं तापवावं का लागतं? पाम तेलाचंच घ्या. पामचं फळ चेपलं, तोडून पडून राहिलं की त्यातलंच एन्झाइम तेल फोडायला लागतं, सुटं ॲसिड वाढतं आणि सोबत डायग्लिसराइड्सही, म्हणजे अर्धवट फुटलेले तेलाचे रेणू, ज्यांच्यापासून पुढे ग्लिसिडिल एस्टर्स बनतात. पाममध्ये ॲसिड बहुतेक वेळा कॉस्टिकने न काढता वाफेनेच उडवतात, मग ॲसिड जास्त म्हटलं की उष्णताही जास्त. ओलसर बी साठवली तरी ॲसिड वाढतंच. म्हणजे फळ आणि बी कशी हाताळली यावरच पुढचं बरंचसं ठरून गेलेलं असतं, म्हणून कुठल्याही रिफायनरीत गेलो की मी टाकी, पंप नंतर बघतो, आज आलेल्या कच्च्या तेलाचं ॲसिड किती आहे हे आधी विचारतो.