रेघ मारून दाखव
(मराठीच्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सातवीच्या वर्गाला स्वतःचा निबंध स्वतःच तपासायला मी पहिल्यांदा तपासयादी दिली, तेव्हा तिच्यात बारा प्रश्न होते. शुद्धलेखन तपासलं का? परिच्छेद पाडले का? विचार स्पष्ट मांडले का? प्रत्येकापुढे एक चौकट. दहा मिनिटांत सगळ्यांच्या सगळ्या चौकटी भरल्या. एका मुलीच्या वहीत बाराच्या बारा खुणा होत्या आणि वरच्याच ओळीत वाक्य होतं, 'आजी फूलांचा हार करत होती.' ती खोटं बोलत नव्हती हो. तिनं निबंध पुन्हा वाचला होता. पण नेमकं कुठं बघायचं, हे माझ्या यादीनं तिला सांगितलंच नव्हतं.

शासनानं १९६२ साली मान्य केलेले लेखनाचे नियम १९७२ च्या भरीसह १८ झाले. एवढे सगळे एका बैठकीत तपासायचे म्हटलं तर आपल्यालाही जमणार नाही. मग मी वह्या घेऊन बसले आणि त्या वर्गाच्या हातून वारंवार होणारी एकच चूक निवडली. नवी यादी एका ओळीची होती : 'फूल, मूल, वीट, सून यांसारख्या शब्दाला पुढे काही जोडलं असेल, तर त्याखाली रेघ मार आणि पहिलं अक्षर ऱ्हस्व आहे का बघ.' रेघ मारायची म्हणजे शब्द शोधावा लागतो. त्या मुलीनं 'फूलांचा' खाली रेघ मारली, थोडा वेळ बघत राहिली आणि स्वतःच खोडून 'फुलांचा' केलं. माझा लाल पेन बंदच होता.

दुसऱ्या दिवशी एकानं 'गीतात'चं 'गितात' केलं. मला आनंद झाला, कारण आता प्रश्न मुलांकडून आला होता : मग 'गीत' का बदलत नाही? संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द असे बदलत नाहीत, ही गोष्ट मी आधी दोनदा शिकवली होती. कानांत शिरली ती त्या दिवशी.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी तपासायला द्या, एवढं मात्र पाळा. जो परिच्छेद उद्या खोडायचाच आहे, त्यातल्या वेलांट्या आज कशाला सुधारायच्या? आधी मजकूर. औपचारिक पत्राला मी एकच सूचना देते : 'तुला नेमकं काय हवंय ते ज्या शब्दांत लिहिलंस, त्यांखाली रेघ मार.' एका मुलानं पाण्याच्या तक्रारीचं दीड पान लिहिलं होतं. पेन्सिल हातात धरून तो वरून खाली, खालून वर शोधत राहिला. शेवटी म्हणाला, "बाई, मी मागितलंच नाहीये." विषयाच्या ओळीत 'पाण्याबाबत' एवढंच होतं. ते खोडून त्यानं लिहिलं, 'शाळेजवळच्या नळाला सकाळी दहानंतरही पाणी सोडण्याबाबत.'