कोयनेचं खोरं आडबाजूला पडलं कसं

नमस्कार मंडळी. आज जरा कोयनेच्या वरच्या खोऱ्याबद्दल बोलूया, म्हणजे महाबळेश्वरला नदी उगम पावते तिथून खाली तापोळा, बामणोली, वासोटा हा सगळा पट्टा. पर्यटक येतात, बोटीत बसतात, फोटो काढतात आणि म्हणतात, बापरे, किती आतली गावं ही! मला हे ऐकून गंमत वाटते, कारण एकेकाळी हीच गावं ऐन वाटेवर होती.

कसं ते सांगतो. आपल्या घाटावरच्या नद्या बहुतेक पूर्वेला पळतात, पण कोयना तशी नाही, ती सह्याद्रीच्या कडेकडेने उत्तरेकडून दक्षिणेला बरीच लांब जाते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे खोऱ्याच्या पश्चिमेची डोंगराची धार चढलात की खाली थेट कोकण. पार घाट, हातलोट घाट अशा वाटांनी माल, बैल, माणसं वर-खाली करायची. या वाटा ज्याच्या हातात त्याच्याकडे सत्ता, म्हणून तर जावळीचे मोरे इतके जोरात होते आणि म्हणूनच १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली, प्रतापगड बांधला. १६५९ ला अफझलखानाचा तळ पार गावाजवळ कोयनेकाठीच पडला होता. पारचा तो जुना दगडी पूल अजून उभा आहे, प्रतापगडला जाणारे नव्वद टक्के लोक तो न बघताच परत येतात हे माझं दुःख!

मग इंग्रजांच्या काळात गाडीरस्ते झाले ते आंबेनळी आणि कुंभार्ली या घाटांनी, एक वरच्या टोकाला, एक खालच्या. मधल्या पायवाटा हळूहळू सुटल्या. तरी खोरं जगत होतं हां, नदीकाठच्या खाचरात भात, उतारावर नाचणी-वरी, उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा, पावसात डोक्यावर इरलं घेऊन लावणी. आणि पाऊस म्हणजे कसा, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, चार महिने चूल धुमसत ठेवायची नि साठवलेलं खायचं. पोरं मुंबईला, गिरणीत किंवा गोदीत, ती गणपतीला नाहीतर शिमग्याला उगवायची.

खरा घाव बसला धरणाचा. १९६४ ला कोयना धरण पूर्ण झालं, १०३ मीटर उंच, आणि मागे जवळजवळ ५० किलोमीटर शिवसागर जलाशय पसरला. बुडालं काय, तर नदीकाठची सपाट भातजमीन, म्हणजे जी खरी कसाची होती तीच. शंभरएक गावांची माणसं उठली, कुणी सोलापूर, कुणी सांगली, कुणी रायगड, ठाणे, भाऊबंद असे विखुरले की लग्नकार्याला भेट झाली तर झाली. जे वर सरकून राहिले त्यांच्यासाठी समोरचं गाव, जिथे पूर्वी नदी ओलांडून जायचं, ते लाँचने गाठायचं गाव झालं. आजारी माणूस असो नाहीतर बाळंतीण, आधी लाँच, मग गाडी, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की किनाऱ्यापर्यंत चिखल तुडवायचा तो वेगळाच.

आणि पाणी कुठे गेलं? डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला, पोफळीला, वीज करून खाली कोकणातल्या वाशिष्ठी नदीत. महाराष्ट्र उजळला, मान्य आहे, मला धरणाविरुद्ध बोलायचं नाही, पण त्याच धरणातले विस्थापित साठ वर्षांनीसुद्धा जमिनीसाठी आंदोलनाला बसतात हे बघून राग येतोच. त्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, साधारण १८० माणसं गेली, घरं झोपेतच अंगावर आली.

पुढे १९८५ ला अभयारण्य, २०१० ला व्याघ्र प्रकल्प. जंगल राखलं गेलं ते चांगलंच, पण आतल्या गावांना रस्ता, विजेचा खांब, काहीही करायचं तर वनखात्याची परवानगी आली, काही गावं तर पुन्हा उठली.

आता वारं उलट फिरलंय. तापोळ्याजवळ मोठा पूल होतोय, आणि नवीन महाबळेश्वर नावाचं गिरिस्थान करायला सव्वादोनशेच्या वर गावांचा आराखडा आलाय. पूल हवाच, तो तर कधीच व्हायला हवा होता. पण आराखडा आला की आधी जमिनीचे दलाल येतात, आणि सातबारावर ज्यांची नावं आहेत त्यातले निम्मे मुंबईला असतात. म्हणून या खोऱ्यातले कुणी मुंबईत बसून ऐकत असाल तर एवढं करा, येत्या ग्रामसभेला गावी या, आराखड्याचा नकाशा मागा आणि आपला गट नंबर कुठल्या रंगात दाखवलाय, म्हणजे जमीन कशासाठी ठेवलीय, ते स्वतः बघा. सही नंतर.