आधी अंग गार, मग दवाखाना

विदर्भात उन्हाळ्याचं बोलणं पाऱ्याच्या आकड्यापासून सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथंच संपतं. हवामान खातं मैदानी भागात उष्णतेची लाट कधी म्हणतं? कमाल तापमान निदान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तेव्हा, किंवा पारा थेट ४५ला पोचला तर. चंद्रपूरची मे महिन्यातली सरासरीच ४३च्या घरात आहे. तिथे ४४ अंशांचा दिवस कागदावर लाट ठरत नाही. वीटभट्टीवरच्या माणसाला मात्र तो तेवढाच भाजतो. उलट १६ एप्रिल २०२३ला नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानावर उघड्या उन्हातल्या कार्यक्रमानंतर १४ माणसं दगावली, तेव्हा पारा ३८च्या आसपास होता.

हा फरक घामाचा. दमट हवेत घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग गार करत नाही. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो इतक्या झटकन वाळतो की अंगातून तासाला लिटरभर पाणी गेलं तरी कळत नाही. कूलरचंही तेच गणित आहे. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की तासाभरात खोलीचं खारघर होतं. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवीच.

नवतपातल्या (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतल्या) रात्री मला दुपारपेक्षा जास्त काळजीच्या वाटतात. टिनाच्या छपराखाली अंगाला उसंत मिळत नाही. घरात पडून असलेली म्हातारी माणसं अशीच जातात, उन्हात पाऊलही न टाकता. त्यात लघवी वाढवणाऱ्या किंवा मानसिक आजारावरच्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. त्या परस्पर बंद करू नका. डोस डॉक्टरांना मार्चमध्येच विचारून घ्या.

आता मुख्य गोष्ट. माणूस तापलाय आणि असंबद्ध बोलतोय, झोकांड्या खातोय किंवा बेशुद्ध आहे, तर तो उष्माघात समजा. ‘घाम येतोय, म्हणजे ऊन लागलेलं नाही’ हे चूक. कष्टाचं काम करताना कोसळलेल्याला घाम येत असतो. १०८ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता आणि जोरात वारा घाला. अंग ओलं नसेल तर पंखा नुसती गरम हवा फेकतो. शेतावर ताडपत्री असतेच: त्यावर माणसाला निजवायचं, चौघांनी कडा उचलून धरायच्या, आत थंड पाणी आणि मिळेल तेवढा बर्फ ओतून ते हलवत राहायचं. एकाने डोकं आणि तोंड पाण्याच्या वर धरायचं. अर्ध्या तासात ताप ३९ अंश सेल्सिअसच्या (सुमारे १०२ फॅरनहाइट) खाली यायला हवा. पॅरासिटामॉल देऊ नका. हा तापच वेगळा, तिचा उपयोग नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही नको. खिशातल्या कांद्याबद्दल काय बोलावं!

शुद्धीवर असलेल्याला ओआरएस द्या, पण पुडी वाचून. २१ ग्रॅमच्या आसपासची मोठी पुडी एक लिटरची असते. ती पेलाभर पाण्यात कालवली तर मिठाचं प्रमाण पाचपट होतं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

बरं वाटलं म्हणून उष्माघात झालेल्याला दुसऱ्या दिवशी कामावर पाठवू नका. यकृताची इजा रक्तात दिसायला एक-दोन दिवस लागतात. लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू फुटून त्यांतलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतंय असं समजा आणि त्याच दिवशी दाखल करा.