पत्त्यांच्या डावामागचा अभ्यासक्रम

(पुनर्वसन केंद्र. टेबलावर पत्ते मांडलेले.)

पक्षाघातातून सावरणारे हे गृहस्थ पत्ते खेळताहेत. उजवीकडचे पत्ते ते बरोबर उचलतात, पण डावीकडच्या पत्त्यांकडे त्यांचं लक्षच जात नाही. डोळे धड आहेत. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की डावी बाजू अशी हरवू शकते. समोर बसलेल्या विद्यार्थिनीने टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली आहे. ‘आधी पट्टी शोधा, मग पत्ते बघा,’ असं ती सांगते. किती वेळा आठवण करून द्यावी लागली, तेही ती दर डावाला कागदावर टिपून ठेवते.

दारातून जाणाऱ्याला वाटेल, दोघं जण वेळ घालवताहेत.

या कामाला थेरप्युटिक रिक्रिएशन म्हणतात. खेळ, कला, संगीत, बागकाम अशा गोष्टींच्या आधाराने माणसाची हरवलेली क्षमता परत मिळवायची. अमेरिकेत या विषयाची पदवी मिळते. पण पदवी हातात आलेल्या प्रत्येकाला ही लाल पट्टी सुचेल, याची खात्री कोण देणार?

(विद्यापीठाचा परिसर.)

प्रमाणपत्र, परवाना आणि मान्यता या तीन गोष्टींत पालक आणि विद्यार्थी हमखास गोंधळतात. प्रमाणपत्र माणसाला मिळतं. ते देणारी संस्था म्हणजे 1981 साली स्थापन झालेली नॅशनल कौन्सिल फॉर थेरप्युटिक रिक्रिएशन सर्टिफिकेशन. तिची परीक्षा पास झालं, की नावापुढे ‘सीटीआरएस’, म्हणजे थेरप्युटिक रिक्रिएशनचा प्रमाणित तज्ज्ञ, असं लागतं. परवाना राज्य सरकार देतं, तोही युटा, नॉर्थ कॅरोलायना, न्यू हॅम्पशायर, ओक्लाहोमा अशा मोजक्याच राज्यांत. आणि अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे मान्यता, ही अभ्यासक्रमाची असते. मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमातूनही सीटीआरएसच्या परीक्षेला बसता येतं. त्यामुळे ‘मग मान्यता हवी कशाला?’ असं विचारणारे विभागप्रमुख भेटतात.

मान्यता देणाऱ्या वाटा दोन आहेत. एक सीओएपीआरटी. उद्यानं, मनोरंजन, पर्यटन अशा सगळ्या अभ्यासक्रमांकडे पाहणारी ही परिषद. दुसरी कार्टे. ही समिती 2010 च्या सुमारास उभी राहिली आणि आरोग्यसेवेतल्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या काहेप या आयोगाबरोबर काम करते. हा विषय नेमका कोणाचा, मैदानाचा की दवाखान्याचा, हा या क्षेत्रातला जुना वाद आहे आणि दोन वाटांमध्ये तो उघड दिसतो. दोन्ही बाजूंची माणसं तळमळीने बोलतात. आमचं मत विचाराल, तर ज्याच्या हाती रुग्ण सोपवायचा, त्याची तयारी आरोग्यसेवेच्या मापानेच मोजली पाहिजे.

(तपासणी पथक फाइली चाळताना.)

मान्यतेची सुरुवात विभागाने स्वतःच लिहिलेल्या अहवालापासून होते. मग पथक येतं. अभ्यासक्रमाच्या कागदावर ‘रुग्णाचं मूल्यमापन’ असा धडा असणं त्यांना पुरत नाही. तो धडा शिकून विद्यार्थ्याने काय केलं, ते त्यांना पाहायचं असतं. तपासलेल्या वह्या, उपचाराचे आराखडे, प्रात्यक्षिकाचे गुण. विद्यार्थ्यांशी बोलणं होतं, शिक्षकांशीही. सगळ्याच्या मुळाशी चार पायऱ्या आहेत: रुग्णाची स्थिती जाणून घ्यायची, योजना आखायची, ती राबवायची आणि फरक पडला का ते तपासायचं. आम्हाला या चारांत पहिली सगळ्यात मोलाची वाटते. नेमकं काय हरवलंय तेच कळलं नाही, तर उरलेला सगळा उत्साह वाया जातो.

म्हणूनच प्रमाणपत्राच्या अटींमध्ये शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र येतं, मनोविकारांचं मानसशास्त्र येतं, जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या मानवी वाढीचा अभ्यास येतो. शिवाय इंटर्नशिप. किमान 560 तास, सलग किमान 14 आठवडे, आणि मार्गदर्शक स्वतः सीटीआरएस असलाच पाहिजे.

कसोटी लागते ती या शेवटच्या अटीवर. वर्गात शिकवायला प्राध्यापक मिळतो. पण जवळपासच्या रुग्णालयात एकही प्रमाणित थेरपिस्ट नसेल, तर विद्यार्थ्याला पाठवायचं कुठे? छोट्या गावातल्या विद्यार्थ्याला मग दुसऱ्या शहरात जाऊन राहावं लागतं, बरेचदा बिनपगारी. नियम सैल करा, अशी मागणी त्यातूनच पुढे येते. विद्यार्थ्याची ओढाताण खरी आहे, पण लाल पट्टी कुठे लावायची हे ज्याने रोज केलंय, त्याच्या शेजारी बसूनच शिकता येतं. सैल करायचंच असेल तर आधी खर्चाचं ओझं हलकं करा, मार्गदर्शकाची अट सैल करू नका.

(प्रवेश कार्यालय. आई आणि मुलगी माहितीपत्रक वाचताहेत.)

मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना आपले निकाल जाहीर करावे लागतात. प्रवेश घेण्याआधी ते जरूर मागा. मान्यता कोणाची आहे आणि ती कधीपर्यंत आहे, हे विचारा. इंटर्नशिपला मुलं कुठे जातात आणि तिथे त्यांना शिकवणारा सीटीआरएस आहे का, हेही विचारा. नीट चाललेल्या विभागाकडे या सगळ्याची उत्तरं तयार असतात.