व्हॉल्यूम पुसण्यापूर्वी

डॉकर (प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या बंदिस्त डब्यांत चालवणारे साधन) चालवणाऱ्या सर्व्हरची डिस्क भरली की इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा), बंद पडलेले कंटेनर, बिल्ड कॅश (इमेज बनवताना साठवलेले मधले टप्पे) आणि व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर डेटा साठवण्याची जागा) हे सारे एकाच झटक्यात साफ करण्याकडे आपला कल असतो. पण पुसलेली इमेज रजिस्ट्रीवरून, म्हणजे इमेजच्या ऑनलाइन साठ्यावरून, पुन्हा उतरवता येते आणि बिल्ड कॅश पुढच्या बिल्डच्या वेळी नव्याने तयार होते. व्हॉल्यूमचे तसे नाही. त्यात डेटाबेस असतो, वापरकर्त्यांनी चढवलेल्या फाइल्स असतात, आणि बॅकअप नसेल तर पुसलेले व्हॉल्यूम परत मिळवण्याचा मार्ग डॉकरकडे नाही. म्हणून आज मी फक्त व्हॉल्यूमबद्दलच बोलणार आहे.

ही व्हॉल्यूम्स साठतात कशी, ते आधी पाहू. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल या डेटाबेसच्या अधिकृत इमेजमध्येच डेटाची जागा व्हॉल्यूम म्हणून जाहीर केलेली असते. त्यामुळे आपण नाव देऊन व्हॉल्यूम जोडले नाही, तर डॉकर स्वतःच एक व्हॉल्यूम तयार करतो आणि त्याला 64 अक्षर-अंकांचे, कोणालाही न उमगणारे नाव देतो. पुढे ‘डॉकर आरएम’ने कंटेनर काढला, तरी ‘-व्ही’ न लिहिल्यास हे निनावी व्हॉल्यूम मागे राहते. कंटेनर सुरू करतानाच ‘--आरएम’ दिले असेल, तर मात्र ते कंटेनरबरोबर जाते. ज्या मशीनवर दर चाचणीला नवा डेटाबेस उभा राहतो, तिथे अशा व्हॉल्यूम्सचा ढीग होतो. एका प्रकल्पाचे सगळे कंटेनर एकत्र हाताळणाऱ्या कंपोझची ‘डॉकर कंपोझ डाउन’ ही ते कंटेनर काढणारी कमांडसुद्धा व्हॉल्यूम्सना हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता कळीचा मुद्दा. एखादे व्हॉल्यूम वापरात नाही, असे डॉकर म्हणतो तेव्हा त्याने आतला मजकूर पाहिलेला नसतो. त्या क्षणी कोणताही कंटेनर त्या व्हॉल्यूमचा निर्देश करत नाही, एवढेच त्याला ठाऊक असते. भाडेकरू गावाला गेला म्हणून त्याचे सामान बेवारस ठरवावे, तसा हा निकष आहे. थांबवलेला कंटेनरही निर्देश करणाऱ्यांत मोजला जातो, म्हणून तो जागेवर असेपर्यंत त्याचे व्हॉल्यूम सुरक्षित राहते. ‘प्रून’ म्हणजे वापरात नसलेले सारे एकदम पुसणे. पण आधी ‘कंटेनर प्रून’ आणि लगेच नावाच्या व्हॉल्यूम्ससह ‘व्हॉल्यूम प्रून’ चालवले, तर पहिली कमांड जे संरक्षण काढून घेते त्याचा लाभ दुसरी घेते. देखभालीसाठी ‘कंपोझ डाउन’ करून ठेवलेल्या चालू प्रकल्पाचा डेटाबेसही त्या वेळी बेवारसच दिसतो.

यात आवृत्त्यांची भर पडते. ‘प्रून’ची कमांड 2017च्या जानेवारीत 1.13 या आवृत्तीबरोबर आली. ‘सिस्टम प्रून’ सुरुवातीला व्हॉल्यूम्सही पुसत असे, 17.06.1पासून त्यासाठी ‘--व्हॉल्यूम्स’ लिहावे लागते. 2023मध्ये आलेल्या 23.0पासून ‘व्हॉल्यूम प्रून’ फक्त निनावी व्हॉल्यूम्स पुसतो, आणि नाव दिलेलीही पुसायची असतील तर ‘-ए’ जोडावा लागतो. तेव्हा जुनी स्क्रिप्ट दोन सर्व्हरवर दोन तऱ्हांनी वागू शकते.

हा बदल मला स्वागतार्ह वाटतो, पण निनावी म्हणजे निरुपयोगी असा अर्थ त्यातून काढू नये. कोणी घाईत पोस्टग्रेस व्हॉल्यूमचे नाव न देता सुरू केला, महिनोन्‌महिने त्यावर काम केले, आणि मग इमेज बदलण्यासाठी कंटेनर काढून नवा उभारला, तर नव्या कंटेनरला कोरे निनावी व्हॉल्यूम मिळते. सगळा डेटा जुन्या व्हॉल्यूममध्ये शाबूत असतो. फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारा कंटेनर उरलेला नसतो. डेटाबेस रिकामा दिसतो म्हणून गोंधळलेला माणूस त्याच दिवशी जागेसाठी ‘प्रून’ चालवतो, आणि परत मिळू शकणारी गोष्ट कायमची जाते.

म्हणून पुसण्याआधी पाहावे. ‘डॉकर सिस्टम डीएफ’ला ‘-व्ही’ जोडला की प्रत्येक व्हॉल्यूमचा आकार आणि त्याला किती कंटेनर जोडलेले आहेत हे कळते. शून्य जोडणी असलेल्यांपैकी आकाराने मोठी आधी तपासावीत, कारण जागा सहसा मोजक्या व्हॉल्यूम्सनीच खाल्लेली असते. ‘व्हॉल्यूम इन्स्पेक्ट’मध्ये निर्मितीची तारीख मिळते आणि कंपोझने केलेले असल्यास प्रकल्पाचे नावही. तरीही उलगडा झाला नाही, तर ते व्हॉल्यूम अल्पाइन या छोट्या लिनक्स इमेजच्या तात्पुरत्या कंटेनरला फक्त वाचण्यापुरते जोडून आत डोकावावे. शंका उरली तर टार करून, म्हणजे सगळ्या फाइल्स एका फाइलीत बांधून, ठेवावे. त्यावर कोणताही डेटाबेस चालू नसल्याने फाइल्सची अशी नक्कल सुसंगत मिळते. ती दुसऱ्या डिस्कवर न्यावी, हे सांगायला नको. मग ‘व्हॉल्यूम आरएम’ने नाव घेऊन एकेक पुसावे. ‘/व्हार/लिब/डॉकर/व्हॉल्यूम्स’मध्ये शिरून हाताने फोल्डर उडवू नयेत, कारण मग डॉकरच्या नोंदी आणि डिस्कवरची वस्तुस्थिती यांचा मेळ राहत नाही.

ही सफाई क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीवर, टाकावी का, असे बरेच जण विचारतात. चाचण्यांच्या मशीनवर खुशाल टाकावी. तिथे काहीच जपायचे नसते. जिथे खरा डेटा आहे तिथे क्रॉनवर फक्त इमेज आणि बिल्ड कॅश यांची सफाई ठेवावी, आणि व्हॉल्यूम्सची यादी माणसाने वाचावी. ज्यांना तरीही तिथे ‘प्रून’ हवाच असेल, त्यांनी जपायच्या व्हॉल्यूम्सना तयार करतानाच लेबल लावावे आणि ते लेबल असलेली वगळण्याचा फिल्टर कमांडमध्ये द्यावा. आधीच अस्तित्वात असलेल्या व्हॉल्यूमला नंतर लेबल चिकटवता येत नाही.