रॉ फाइलमधला रंग

रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्यानं मोजलेले आकडे जवळजवळ जसेच्या तसे साठवणारी फाइल, संगणकावर उघडला की पहिले एक-दोन सेकंद तो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसला होता तसाच दिसतो. मग डोळ्यांदेखत बदलतो. या लाल छत्रीकडे बघा... आत्ता. लाल जरा विटला, मागचं आभाळ फिकट पडलं.

सॉफ्टवेअरनं फोटो बिघडवला, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. आधी दिसलं ते कॅमेऱ्यानं स्वतः बनवून रॉ फाइलच्या पोटात ठेवलेलं जेपेग. नंतर आलं ते त्याच फाइलमधल्या आकड्यांतून सॉफ्टवेअरनं आपल्या पद्धतीनं काढलेलं चित्र. यातलं खरं कुठलं, हे विचारण्याआधी ते आकडे पाहू.

सेन्सरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीला, रंग कळत नाही. प्रकाश किती पडला, एवढंच तो मोजतो. म्हणून त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची. १९७६ साली तिला पेटंट मिळालं. चार ठिपक्यांच्या चौकटीत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. १४ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याचा एकच आकडा असतो, ० ते १६,३८३ यांमधला. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढावे लागतात.

काहीही न करता ते आकडे पडद्यावर मांडले, तर हे असं काळपट, हिरवट चित्र दिसतं. व्हाइट बॅलन्स हा हिरवटपणा घालवतो. दिवसाच्या उजेडात अनेक कॅमेऱ्यांचे लाल आकडे साधारण दुपटीनं आणि निळे दीडपटीनं वाढवावे लागतात. पांढरा पांढरा दिसू लागतो, आणि रंग जुळले असं समजून बरेच जण इथंच थांबतात. जुळलेल्या असतात त्या फक्त पांढऱ्या-राखाडी छटा. छत्रीचा लाल अजून कॅमेऱ्याचाच लाल आहे, आपल्या डोळ्यांचा नाही.

डोळ्यांचं माप आपल्याकडे आहे. सरासरी माणसाची नजर रंग कसे जुळवते, याचे प्रमाण आकडे १९३१ साली ठरले आणि ते आजही वापरात आहेत. कॅमेऱ्याचे आकडे त्या मापात आणण्यासाठी तीन ओळी, तीन स्तंभांचा एक तक्ता लागतो. अवघे नऊ आकडे. ते प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळे काढायचे, आणि प्रकाश बदलला की तेही बदलतात. कॅमेऱ्याचे रंग कसे बदलायचे हे सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या फाइलला प्रोफाइल म्हणतात. म्हणून अनेक प्रोफाइलमध्ये असे दोन तक्ते असतात: एक बल्बच्या पिवळ्या उजेडासाठी, सुमारे २,८५० केल्विनचा, दुसरा दिवसाच्या उजेडासाठी, सुमारे ६,५०० केल्विनचा. केल्विन हे इथं उजेडाच्या रंगछटेचं माप. मधल्या प्रकाशासाठी सॉफ्टवेअर दोन्हींच्या मधलं काहीतरी घेतं.

तरीही हिशेब पुरता जुळत नाही. गाळण्या आणि डोळ्यांतल्या पेशी प्रकाशाचे तुकडे सारखे पाडत नाहीत. डोळ्यांना सारखी वाटणारी दोन कापडं कॅमेऱ्याला वेगळी दिसू शकतात, आणि उलटही. काही निळी फुलं फोटोत जांभळट येतात, ती यामुळेच. त्यांच्या पाकळ्या लाल टोकाचा, आपल्याला जेमतेम जाणवणारा प्रकाशही परत पाठवतात, आणि सेन्सर तो आपल्यापेक्षा जास्त हिशेबात धरू शकतो.

यावर हाताशी असलेला उपाय म्हणजे हा २४ चौकोनांचा तक्ता, कलरचेकर. हाही १९७६ सालचाच. पहिल्या ओळीत गडद त्वचा, उजळ त्वचा, आभाळ, पानं, आणि पाचवं निळं फूल. या चौकोनांचे खरे रंग मोजलेले असतात. तक्त्याचा फोटो काढायचा, फरक बघायचा, त्यावरून आपल्या कॅमेऱ्याचं प्रोफाइल बनवायचं.

आमच्या मते बहुतेक प्रोफाइल फसतात ती सॉफ्टवेअरमध्ये नव्हे, हा फोटो काढतानाच. तक्त्याच्या एका कडेला उजेड कमी पडला, तर सॉफ्टवेअर त्या सावलीलाच रंगाचा दोष समजतं. शेजारच्या रंगीत भिंतीची झाक चौकोनांवर उतरते. फोटो काढणाऱ्याच्या लाल शर्टाचीसुद्धा. चकाकी आली की गडद चौकोन धुरकट होतात. म्हणून तक्ता चौकटीच्या मधोमध, लहानच ठेवा. पांढरा चौकोन कमाल आकड्याला टेकू देऊ नका; एकदा टेकला की त्यातली माहिती गेली. मग त्याच जागी, तक्त्याऐवजी साधा राखाडी कागद धरून आणखी एक फोटो घ्या. उजेड कुठे उणा आहे ते त्यात उघड दिसतं.

एवढं करूनही छत्री भडक दिसली, तर टोन कर्व्ह तपासा. काळं-पांढरं उठावदार करणारा हा कर्व्ह लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांना स्वतंत्रपणे लावला की रंगही गडद होतात. एखाद्या रंगवलेल्या चित्राची हुबेहूब नक्कल हवी असेल तर तो सरळच ठेवावा. प्रवासातल्या फोटोला मात्र सरळ कर्व्ह निस्तेज दिसतो, कारण पडदा उन्हाइतका कधीच उजळत नाही. जेपेगमधला तजेला हीच गरज ओळखून कॅमेरा बनवणाऱ्यांनी घातलेला असतो. तो आवडत असेल तर त्याची नक्कल करणारी प्रोफाइलही मिळतात. ती जेपेगशी इमान राखतात, समोरच्या वस्तूशी नाही. आपल्याला काय हवंय, ते आधी ठरवायला हवं.

आता तीन फोटो शेजारी शेजारी. कॅमेऱ्याचं जेपेग, सॉफ्टवेअरचं तयार प्रोफाइल आणि तक्त्यावरून बनवलेलं आमचं. खरी छत्री पडद्याजवळ धरली, तर तिसरा लाल सगळ्यांत जवळचा. तिच्यामागचं निळं फूल मात्र तिन्हींत अजून थोडं जांभळटच आहे.