कोरिप्पोत नेमकी किती माणसं राहत होती?

युरोपातल्या छोट्या गावांच्या लोकसंख्येचा विषय निघाला की आपण एक आलेख काढतो, रेघ खाली उतरते, आणि ‘गाव ओस पडलं’ म्हणून मोकळे होतो. स्वित्झर्लंडमधल्या कोरिप्पोचा आलेख तर आयताच तयार आहे. १८५० साली तीनशेच्या आसपास माणसं, २००० साली २२, आणि अखेरीस जेमतेम डझनभर. लोकसंख्येच्या हिशेबात देशातली सगळ्यांत लहान कम्यून (म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारखं स्थानिक कारभाराचं एकक) म्हणून वर्तमानपत्रं त्याची बातमी करत. माझं म्हणणं असं, की बाविसाचा आकडा सोडा, तो तीनशेचा आकडासुद्धा जपूनच वाचावा.

आधी जागा बघू. टिचिनो हा आल्प्सच्या दक्षिण अंगाचा, इटालियन बोलणारा प्रांत. तिथली वेर्झास्का नदी साधारण पंचवीस किलोमीटरचं अरुंद खोरं कापत माजिओरे सरोवराला मिळते. कोरिप्पो तिच्या उजव्या अंगाच्या चढावर, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर चिकटलेलं. घरं दगडाची आणि छपरंही दगडाचीच, जाड फरश्या एकावर एक रचलेल्या. सपाट जमीन म्हणून नाहीच. बांध घालून काढलेल्या पट्ट्यांवर थोडं धान्य, बाकी भिस्त चेस्टनटवर. ती फळं धुरावर वाळवायची, दळायची, आणि त्या पिठावर हिवाळा काढायचा.

एवढ्यावर तीनशे माणसं जगतील का? नाहीच जगायची. म्हणून ती एका जागी राहतच नसत. थंडीत गुरं घेऊन खाली मागादिनोच्या मैदानात उतरायचं. गोर्दोला, तेनेरोकडे या खोऱ्यातल्या लोकांचे द्राक्षमळे आणि गोठे होते. वसंतात वर गावी, मग गावाच्याही वरच्या कुरणांवर, आणि भर उन्हाळ्यात थेट माथ्यावरच्या चराईला. शरदात पुन्हा खाली, द्राक्षतोडणीला. सगळं कुटुंब, कोंबड्यांसकट. शिवाय खोऱ्यातली लहान मुलं हिवाळ्यात उत्तर इटलीच्या लोंबार्दीतल्या शहरांत धुराडी साफ करायला जात. अरुंद धुराड्यात लहान अंगच शिरू शकतं, एवढंच त्यामागचं कारण. यापेक्षा जास्त काही बोलवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर बरेच तरुण कॅलिफोर्नियाला गेले.

आता हिशेब बदलला तो खालून. मागादिनोचं मैदान पूर्वी दलदलीचं, मलेरियाचं, तिथे बारमाही राहणं जिवावरचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टिचिनो नदीला बांध घालून पात्रात बसवलं आणि मैदान राहण्याजोगं झालं. मग जिथे चार महिने काढायचे तिथेच बारा महिने काढायला लोक लागले. माणसं दूर कुठे गेलीच नाहीत म्हणा ना. बरीचशी आपल्याच दुसऱ्या घरात राहिली. १९६५ साली खोऱ्याच्या तोंडाशी २२० मीटर उंचीचं कोंत्रा धरण पुरं झालं. त्याचा जलाशय कोरिप्पोच्या पायथ्यापर्यंत येतो, पण गाव रिकामं केलं ते धरणानं नव्हे. तोवर उतरण बरीच झालेली होती.

राहिलेल्यांची पंचाईत वेगळीच. कम्यून चालवायला कार्यकारी मंडळ लागतं, तीन जणांचं तरी. मतदारांची सभा म्हणजे आपली ग्रामसभाच. डझनभर रहिवासी, त्यात बहुतेक म्हातारे, मग पदांवर बसायचं कोणी? घरं मात्र जपली गेली. १९७५ साली, म्हणजे युरोपीय वास्तुवारसा वर्षात, कोरिप्पो प्रतिष्ठान स्थापन झालं. २०२२ मध्ये तिथे विखुरलेलं हॉटेल सुरू झालं: एक खोली या घरात, दुसरी त्या, आणि जेवण गावच्या खानावळीत. रात्री गावकऱ्यांपेक्षा पाहुणे जास्त असू शकतात.

त्याआधीच, ऑक्टोबर २०२० मध्ये, कोरिप्पो नावाची कम्यून संपली. ब्रियोने, फ्रास्को, सोनोन्यो, वोगोर्नो यांच्यासह ती ‘वेर्झास्का’ या नव्या कम्यूनमध्ये विलीन झाली. या विलीनीकरणात एक गंमत झाली. लावेर्तेत्सो या शेजारच्या कम्यूनचे जुन्या येण्या-जाण्यामुळे दोन तुकडे होते, एक खोऱ्यात आणि एक मैदानात, मध्ये दुसऱ्यांची हद्द. खोऱ्यातला तुकडा वेर्झास्कात गेला, मैदानातला वेगळा राहिला आणि नावही त्याच्याकडेच राहिलं. त्यामुळे दोन कमानींच्या ज्या दगडी पुलासाठी पर्यटक लावेर्तेत्सोला जातात, तो पूल आणि ते मूळ गाव आज लावेर्तेत्सो कम्यूनमध्ये नाहीत.